अंटार्क्टिकाच्या जलसफरीतील छायाचित्रण : सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने न्यावी का?

रोहितपक्षी (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरच्या अखेरीस मी आणि पत्नी अर्जेंटिनातील उश्वाया बंदरातून सुटणाऱ्या जहाजाने अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या सफरीवर निघत आहोत. सफर दहा रात्रींची आहे, पण ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यात जाताना दोन आणि येताना दोन दिवस खर्ची पडणार असल्याने प्रत्यक्ष बर्फाच्या प्रदेशात हाती जेमतेम पाच दिवस उरतात. जहाजावर सुमारे १७० प्रवासी असतील असे कळले आहे. बँकेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा या सफरीत जाणार आहे आणि पुन्हा तिकडे जाणे होईल असे वाटत नाही, त्यामुळे तयारीत काही राहून गेले तर ती रुखरुख जन्मभर पुरेल.

माझा अनुभव म्हणाल तर गेली बारा वर्षे हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी जातो आणि वर्षाआड ताडोबाला एक फेरी होते. जवळ क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरचा एक मिररलेस कॅमेरा, १००-४०० मिलिमीटरची लेन्स आणि कॅमेऱ्यासोबत आलेली १६-५० ची लहान लेन्स एवढेच सामान आहे. ताडोबात वाघ रस्त्यापासून लांब बसला की ४०० कमीच पडते, हे अनेकदा सोसले असल्याने अंटार्क्टिकासाठी ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स भाड्याने घेऊन जावी आणि तिला पेलेल असा भक्कम ट्रायपॉडही सोबत ठेवावा, असा विचार आहे. भाडे आणि अनामत रक्कम दोन्ही डोळे पांढरे करणारी आहेत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे ठरवले.

दुसरी चिंता थंडीची. बॅटरी थंडीत उतरते असे सर्वजण सांगतात. मग किती बॅटऱ्या न्याव्यात? भाच्याचा ड्रोन नेता येईल का? आणि शेवटचे म्हणजे, काही वर्षांपूर्वी स्पितीला काढलेल्या माझ्या छायाचित्रांत बर्फ चुलीतल्या राखेसारखा करडा आला होता. तसे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

हिमकण (ठाणे)

काका (निवृत्तीचा उल्लेख वाचून हे संबोधन वापरते, राग नसावा), मी त्या द्वीपकल्पावर दोनदा जाऊन आले आहे, एकदा नोव्हेंबरच्या अखेरीस आणि एकदा फेब्रुवारीत. पहिल्या खेपेस मीही एक अवजड लेन्स खांद्यावरून वाहून नेली होती आणि सबंध सफरीत ती दोनदाच पिशवीबाहेर आली. म्हणून मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देते : भाड्याची लेन्स घेऊ नका.

हे माझ्या आळसाचे मत नाही, साधे त्रैराशिक आहे. प्राण्याची उंची गुणिले लेन्सची फोकल लांबी भागिले अंतर, एवढे केले की सेन्सरवर त्याची प्रतिमा किती मोठी पडेल ते कळते. जेंटू पेंग्विन सुमारे ७० सेंटीमीटर उंच असतो आणि किनाऱ्यावर त्याच्यापासून किमान ५ मीटर अंतर राखायचा नियम आहे. तुमची लेन्स १०० मिलिमीटरवर ठेवली तर त्याची प्रतिमा १४ मिलिमीटर उंच येईल आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर आहे साधारण साडेपंधरा मिलिमीटर उंच. म्हणजे तुमच्या लेन्सच्या सर्वांत आखूड टोकालाच पेंग्विन चौकटीत वरपासून खालपर्यंत भरतो! सहाशेवर त्याचे जेमतेम डोके मिळेल, आणि तेही लेन्सला इतक्या जवळचे फोकस करता आले तर. शिवाय ५ मीटरचा नियम तुम्हाला आहे, पेंग्विनला नाही. तुम्ही शांत उभे राहिलात तर तो कुतूहलाने चालत येऊन तुमच्या बुटाचे निरीक्षण करील आणि तेव्हा तुम्हाला १६-५० चीच आठवण येईल.

म्हणून भाड्याचे पैसे खर्च करायचेच असतील तर लांब लेन्सऐवजी दुसरा कॅमेरा घ्या. एकावर १००-४०० आणि दुसऱ्यावर लहान लेन्स कायमची चढवून ठेवा. वाऱ्यात, भुरभुरत्या हिमात आणि जाड हातमोजे घालून लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर खारट पाण्याचे थेंब आमंत्रण देऊन बोलावणे होय. एकच कॅमेरा बंद पडला तर पाच दिवस मोबाइलवर काढावे लागतील, हाही हिशेब त्यात धरा.

ट्रायपॉड घरी ठेवा. जहाजाच्या डेकवर इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते, रबरी होडीत तो उभा राहत नाही आणि किनाऱ्यावर आता तो बहुधा ठेवूही देणार नाहीत. याचे कारण बर्ड फ्लू आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द अंटार्क्टिकाच्या भूमीवर स्कुआ या समुद्रपक्ष्यांत हा रोग निश्चित झाला. त्या सुमारापासून सहल-आयोजकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार प्राण्यांच्या वावराच्या जागी बसायचे नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवे व्हायचे नाही आणि पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. पोटावर झोपून पेंग्विनच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपलेली जी जुनी छायाचित्रे आपण पाहतो, ती आता तशी काढता येत नाहीत. त्यावर माझा तोडगा असा : कॅमेऱ्याचा मागचा पडदा बाहेर वळवायचा, पट्टा मनगटाला गुंडाळायचा, कमरेत वाकून कॅमेरा घोट्याच्या उंचीवर धरायचा आणि वरून पडद्यात पाहत राहायचे. कंबर दुखते, पण पातळी मिळते. त्याहून सोपा उपाय म्हणजे उतारावर स्वतः खाली उभे राहून वरच्या अंगाला चालणारे पेंग्विन टिपणे.

आता किनाऱ्यावरच्या वागण्याबद्दल थोडे, कारण चांगली छायाचित्रे मिळणे न मिळणे यावरच फार अवलंबून आहे. एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरवता येतात. तुमच्या जहाजावर १७० असल्याने निम्मे किनाऱ्यावर असताना उरलेले होड्यांतून फिरतील आणि मग अदलाबदल होईल. म्हणजे जमिनीवर तुम्हाला एका वेळी तासभर किंवा थोडे अधिक मिळेल. उतरल्यावर बहुतेक लोक पहिल्या पेंग्विनपाशी गर्दी करतात. तुम्ही मार्गदर्शकाने लाल झेंड्यांनी आखलेल्या वाटेने पुढे जा, एक जागा निवडा आणि तिथे वीस मिनिटे हलू नका. पेंग्विन घरट्याकडून समुद्राकडे ये-जा करून बर्फात खोलगट पायवाटा पाडतात. त्या वाटेत उभे राहायचे नाही, पण वाटेच्या वळणापासून योग्य अंतरावर उभे राहिलात तर एकामागून एक पेंग्विन स्वतःहून तुमच्या चौकटीत येत राहतात. कव्हरव्हिल बेटावर अशा एका वळणाजवळ एक जेंटू चोचीत खडा धरून तीन वेळा चढाला लागला आणि तीनही वेळा घसरला. चौथ्या खेपेस तो खडा शेजारच्या घरट्यातल्या पेंग्विनने पळवला. हे सारे एका जागी उभे राहून टिपता आले. आणखी एक. मऊ बर्फात तुमचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर बाहेर काढल्यावर तो खड्डा बुटाने बुजवूनच पुढे जा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला वर येता येत नाही.

झोडियाक या रबरी होडीत चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. खलाशी तुमचे मनगट धरतो आणि तुम्ही त्याचे. पंजा धरायचा नाही, तो निसटतो. तेवढा वेळ कॅमेरा तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत असलाच पाहिजे. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी तो गळ्यात तसाच ठेवला होता. एकच लाट आली आणि दुसऱ्या दिवसापासून ते आमची छायाचित्रे पाहत बसले.

ड्रोनचा विचार सोडून द्या. किनारी भागात हौशी ड्रोन उडवायला आयोजकांची संघटना परवानगी देत नाही आणि ते योग्यच आहे.

ध्रुवरात्र (वास्को, गोवा)

थंडीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण तिच्याशी माझा सहवास जरा जास्त झाला आहे. भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत उपकरणांच्या देखभालीसाठी माझी निवड झाली होती आणि शिरमाकर ओअॅसिसमधील ‘मैत्री’ या आपल्या केंद्रावर मी एक संपूर्ण हिवाळा काढला. (या मोहिमा चालवणारी संस्था आमच्या वास्कोतच आहे आणि १९८१ च्या डिसेंबरात पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली होती, त्यामुळे इथे अंटार्क्टिकाला जाऊन आलेला माणूस भेटणे फारसे नवलाचे नाही.) छायाचित्रण हा माझा निव्वळ फावल्या वेळचा उद्योग होता.

प्रथम दिलासा देतो. आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली जात असे. तुम्ही जाणार आहात तो द्वीपकल्प मात्र डिसेंबरात शून्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असतो. त्यामुळे मोहिमेतल्या आमच्या कहाण्या ऐकून दहा बॅटऱ्या विकत घेऊ नका. प्रत्येक कॅमेऱ्यामागे तीन पुरेत. एक कॅमेऱ्यात आणि दोन अंगालगतच्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते म्हणून ती रिकामी झाल्यासारखी दिसते. तीच खिशात अर्धा तास ऊब घेऊन आली की पुन्हा बरेच काम देते. तेव्हा उतरलेली बॅटरी पिशवीच्या तळाशी न टाकता खिशात परत ठेवावी.

तुमचा खरा शत्रू थंडी नसून पाणी आहे, आणि तेही बाहेरच्यापेक्षा आतले. थंडगार कॅमेरा जहाजाच्या उबदार, दमट केबिनमध्ये नेला की आपल्याकडे मटक्यातल्या पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा तो पाझरू लागतो. बाहेरचे दव पुसता येते, लेन्सच्या आतल्या भिंगांवरचे पुसता येत नाही. मी हा धडा माझी लेन्स गमावून शिकलो. एका संध्याकाळी वादळ अंगावर येत आहे असे पाहून घाईघाईने आत आलो, कॅमेरा तसाच टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर भिंगामागे धुके. ते काही तासांत विरले खरे, पण मागे ठिपके उरले आणि काही महिन्यांनी त्यांत बुरशी धरली. त्यानंतर एक क्रम ठरवून टाकला. दाराबाहेर थंडीतच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात घालायची, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवाबंद करायचा, ती पिशवी आत आणून दोन तास विसरून जायचे. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर साचते आणि कॅमेरा कोरडा राहतो. कार्ड आधी काढण्याचे कारण मानवी स्वभावाचे आहे : ते आत राहिले की छायाचित्रे पाहण्याच्या मोहाने माणूस पिशवी वीस मिनिटांत उघडतो.

श्वासाकडेही लक्ष ठेवावे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सुटकेचा निःश्वास टाकला की काच पांढरी होते, म्हणून नाकाने सावकाश आणि खालच्या दिशेने श्वास सोडायची सवय करावी. १९१० मध्ये दक्षिण ध्रुवासाठी निघालेल्या स्कॉटच्या मोहिमेतील छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग याची जीभ काम करता करता कॅमेऱ्याच्या गोठलेल्या धातूला लागली आणि तिथेच चिकटली होती. तुमच्यावर तो प्रसंग येणार नाही, परंतु उघड्या बोटांनी धातू फार वेळ धरू नये एवढे त्यातून घ्यावे. आत पातळ हातमोजे, वर जाड हातमोजे आणि त्या जाड हातमोज्यांना दोरी, ही रचना सर्वांत सोयीची. दोरी नसलेला हातमोजा वारा नेतो.

हिमकण यांनी प्राण्यांपासूनच्या अंतराचा जो नियम सांगितला त्याला आता आपल्या देशातही कायद्याचा आधार आहे. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिका कायद्यात तिथल्या पशुपक्ष्यांना त्रास देण्यास मनाई आहे. जहाज सोडण्यापूर्वी तुमच्या पिशव्या, जाकिटाचे खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून घेतील, बूट जंतुनाशकात बुडवायला लावतील. भिगवणच्या काठचे एखादे गवताचे बी कॅमेऱ्याच्या पिशवीच्या शिवणीत अडकलेले असू शकते, तेव्हा ही सफाई घरीच चिमटा घेऊन करून ठेवा.

उत्तराभिमुख (मुंबई)

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो, कारण हा धागा पुढे एखादा उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डला जाणारा वाचक शोधून वाचेल आणि लहान लेन्स घेऊन तिथे पोचेल.

दक्षिणेचा नियम उत्तरेला लागू पडत नाही. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहात १ जानेवारी २०२५ पासून हिमअस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहण्याचे कायदेशीर बंधन आले आहे आणि १ मार्च ते ३० जून या काळात ते अंतर ५०० मीटर आहे. हिमकण यांचेच त्रैराशिक लावून पाहा. अस्वलाची लांबी २.४ मीटर धरली तर ३०० मीटरवरून ६०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा ४.८ मिलिमीटर येते. पूर्ण आकाराच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते, म्हणजे सहाशे घेऊनही अस्वल चौकटीचा सातवा-आठवा हिस्सा व्यापते. चारशेने तर अकरावा. तिथे मोठी लेन्स नेणे हा हव्यास ठरत नाही.

मात्र तिथे गेल्यावर माझेही मत थोडे बदलले, हे कबूल करतो. एवढ्या अंतरावरून काढलेली बरीच छायाचित्रे घरी येऊन मोठी करून पाहिली तेव्हा अस्वलाच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हललेल्या होत्या. लेन्स खराब निघाली असे समजून मी भाड्याने देणाऱ्याशी वादही घातला. दोष माझा होता. केबिनमधून नुकत्याच बाहेर आणलेल्या उबदार लेन्सच्या हूडमध्ये (पुढे बसवायच्या नळकांड्यात) गरम हवा अडकते आणि ती थरथरते, आणि उघड्या खिडकीतून किंवा दारातून टिपले की जहाजातली ऊब नेमकी लेन्ससमोरून वाहते. लेन्स वापरण्यापूर्वी अर्धा तास बाहेर थंड होऊ द्यावी आणि हूड काही वेळ काढून ठेवावा. समुद्र आणि हवा यांच्या तापमानातील फरकाने होणारी थरथर मात्र कशानेच जात नाही. मला त्या सफरीत मिळालेले सर्वांत समाधानकारक छायाचित्र शेवटी १०० मिलिमीटरवर काढलेले निघाले : दोन किलोमीटर पसरलेला निळसर हिमकडा, त्याच्यासमोर तुटलेल्या समुद्रबर्फाचे तुकडे आणि एका तुकड्यावर खडूच्या ठिपक्याएवढे, किंचित पिवळट अस्वल.

रोहितपक्षी, मुंबई विमानतळावरून निघताना महागड्या सामानाचे निर्यात प्रमाणपत्र सीमाशुल्काच्या खिडकीवर करून घ्या, परतताना प्रश्नोत्तरे टळतात. सर्व सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात असाव्यात.

रोहितपक्षी (पुणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिमकण, ‘काका’ अगदी चालेल. त्रैराशिक मी वहीत मांडून पाहिले. चाळीस वर्षे बँकेत आकडेमोड करूनही लेन्स निवडताना ते सुचले नाही, याची गंमत वाटली.

दोन शंका उरल्या आहेत. स्पितीच्या करड्या बर्फाचा प्रश्न तसाच राहिला. आणि देवमाशांसाठी, तसेच ड्रेक ओलांडताना दिसणाऱ्या अल्बाट्रॉससाठी, ४०० पुरेल का?

हिमकण (ठाणे)

काका, करड्या बर्फात कॅमेऱ्याचा दोष नसतो. समोर जे आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो, त्यामुळे चौकट पांढऱ्याने भरली की तो ती बिचारी ओढून करडी करतो. म्हणून एक्स्पोजर हाताने वाढवावे लागते. चौकटीत बर्फच बर्फ असेल तर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अधिक आणि काळी पाठ करून बसलेला पेंग्विन चौकट भरून टाकत असेल तर शून्य किंवा किंचित उणे. पडद्यावरच्या चित्राच्या उजळपणावर विसंबू नका, कारण बर्फाच्या झगझगाटात तो पडदा नेहमी अंधारा वाटतो आणि माणूस गरजेपेक्षा जास्त उजळ करून बसतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद भागांचा आलेख, पाहावा. त्याचा डोंगर उजव्या भिंतीच्या जवळ आला पाहिजे, भिंतीवर चढता कामा नये. पेंग्विनच्या पोटावरची पिसांची पोत एकदा जळली की कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. पाठीच्या काळ्यातून मात्र पुष्कळ काही नंतर बाहेर काढता येते. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, म्हणजे व्हाइट बॅलन्स, अर्थात पांढऱ्याची रंगछटा, घरी बसून ठरवता येतो. तो ठरवताना सावलीतला निळेपणा सगळा धुऊन काढू नका. दाट, हवेचे बुडबुडे निघून गेलेला हिमनदीचा बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि म्हणून तो खरोखरीच निळा असतो.

ढगाळ दिवस आला तर हिरमुसू नका. काळ्यापांढऱ्या प्राण्यासाठी तोच सर्वांत सोयीचा प्रकाश आहे. सोनेरी प्रकाश हवा असेल तर जेवणानंतर झोपायला जाऊ नका. डिसेंबरच्या अखेरीस लेमेअर खाडीच्या आसपास, म्हणजे ६५ अंश दक्षिणेला, सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजाखाली जेमतेम डोके टेकवून परत येतो. रात्री दहा ते पहाटे तीन या वेळेत डेकवर फिरकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि शिखरांवर जो गुलाबी रंग चढतो तो मला दोन्ही सफरींत त्याच वेळी मिळाला.

देवमाशांचे म्हणाल तर हंपबॅकची गर्दी फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिक, पण डिसेंबरअखेरही ते दिसतात आणि ४०० पुष्कळ झाले. दोन-चार वेळा श्वास सोडून झाला आणि पाठ कमानीसारखी उंच वाकली की तो खोल बुडी मारणार आणि शेपटी वर येणार असे समजावे. तेव्हा बोट बटणावर ठेवून थांबायचे. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे नक्षीकाम प्रत्येक हंपबॅकचे वेगळे असते. असे स्पष्ट छायाचित्र मिळाले तर ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर पाठवा, तोच देवमासा याआधी कुठे दिसला होता हे अनेकदा कळते. माझा फेब्रुवारीतला एक तिथे आधीपासून नोंदलेला निघाला, तेव्हा मला झालेला आनंद घरच्यांना समजावून सांगता आला नाही.

नेको हार्बरला उतरलात तर समोर हिमकडा कोसळताना टिपायचा मोह होईल. तिथे आवाजाची वाट पाहू नका. कडा एक किलोमीटर दूर असेल तर आवाज यायला तीन सेकंद लागतात, तोवर बर्फ पाण्यात गेलेला असतो. कड्याच्या वरच्या काठावरून बारीक चुरा गळू लागला की त्या जागेवर कॅमेरा रोखून ठेवा. आणि मोठा तुकडा पडला की मार्गदर्शक ओरडण्याची वाट न पाहता पाण्याच्या काठापासून वर सरका, कारण पाठोपाठ लाट येते.

ध्रुवरात्र (वास्को, गोवा)

ड्रेकमधल्या पक्ष्यांबद्दल एक पुरवणी. साडेतीन मीटरपर्यंत पंख पसरणारा वाँडरिंग अल्बाट्रॉस जहाजाच्या मागे तासन्‌तास तरंगत येतो आणि मधूनमधून डेकच्या पातळीला येऊन जातो, त्यामुळे लेन्सच्या लांबीपेक्षा उभे राहण्याची जागा महत्त्वाची. वरच्या डेकवरून त्याची पाठ आणि लाटा मिळतात, खालच्या मागील डेकवरून तो क्षितिजाला टेकलेला मिळतो. शटरगती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत ठेवा, एक हात कठड्याला आणि लेन्सच्या समोरच्या काचेसाठी खिशात चारपाच कोरडी फडकी, कारण खाऱ्या पाण्याचे तुषार दर दहा मिनिटांनी काच आंधळी करतात. पोटात ढवळू लागले की व्ह्यूफाइंडरमधून पाहणे ताबडतोब थांबवून क्षितिजाकडे पाहावे.

छायाचित्रे किती काढावीत याचा विचार करताना मला शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतला छायाचित्रकार फ्रँक हर्ली आठवतो. १९१५ मध्ये शॅकल्टनचे ‘एंड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडले गेले तेव्हा त्याने बुडत्या जहाजातल्या गारेगार पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या, मग शॅकल्टनसोबत बर्फावर बसून त्यांतल्या सुमारे १२० निवडल्या आणि उरलेल्या जवळजवळ ४०० तिथेच फोडल्या, म्हणजे नंतर मन फिरून मागे येण्याची सोयच नको. पुढच्या सगळ्या हालअपेष्टांसाठी त्याने एक खिशातला कॅमेरा आणि फिल्मचे तीन रोल ठेवले. तुम्हाला काही फोडायचे नाही, पण रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय झोपू नका आणि त्यातली एक डिस्क वहिनींच्या पिशवीत ठेवा.

रोहितपक्षी (पुणे)

लेन्सची मागणी आज सकाळी रद्द केली आणि त्याच दुकानातून माझ्याच बनावटीचा दुसरा कॅमेरा सांगून ठेवला. डिस्क पत्नीच्या पिशवीत ठेवण्याची सूचना तिला वाचून दाखवली, तेव्हा तिने त्या पिशवीत आधीपासून काय काय आहे याची यादी ऐकवली. तरीही डिस्कला जागा मिळाली आहे.

येत्या रविवारी भिगवणला जातो आहे. कुरव आता आले आहेत आणि नावाडी खाऊ टाकू लागला की ते होडीभोवती घिरट्या घालतात. हातमोजे घालून, दोन कॅमेरे गळ्यात अडकवून आणि हलत्या होडीच्या काठावर बसून त्यांतला एक तरी कुरव धारदार येतो का ते पाहतो. नावाडी ओळखीचा आहे, नोव्हेंबरच्या उन्हात लोकरी हातमोजे पाहून तो काय म्हणतो ते परतल्यावर इथे लिहीन.